दर एप्रिलला बाहेरचा सेन्सर बिघडतो? मग आधी बाल्कनीत संध्याकाळी साडेपाचला जाऊन उभं राहा

आधी लक्षण सांगतो म्हणजे तुमची भानगड हीच आहे का ते कळेल. घरात एक तापमानाचा सेन्सर, बाहेर उत्तरेच्या बाल्कनीत एक, दोन्हीचं रीडिंग मोबाइलवर. डिसेंबर-जानेवारीत सगळं शहाण्यासारखं चालतं. एप्रिल लागला की बाहेरचा आकडा संध्याकाळी ४२-४३ वर उडी मारतो, त्यामुळं घर बाहेरच्यापेक्षा एकदम थंड दिसायला लागतं, पावसाळ्यात उडी गायब, आणि ऑक्टोबर हीटमध्ये उलटंच, घर बाहेरच्यापेक्षा गरम. सेन्सर नवा आणला तरी पुढच्या एप्रिलला तेच.

माझं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात कंट्रोल पॅनलचं, त्यामुळं घरात-दारात कुणाचाही सेन्सर बिघडला की फोन मला. मेव्हण्याचा फ्लॅट कळंबा रोडच्या बाजूला, तिसरा मजला, वर उघडा स्लॅब. मेमध्ये रात्री अकराला पण छताखाली तव्याखाली बसल्यासारखं वाटतं. त्यानं पाडव्याच्या सुमारास टेरेसवर ऊन परतवणारा पांढऱ्या रंगाचा कोट मारून घेतला आणि पंधरा दिवसांत मला स्क्रीनशॉट, दाजी बघा, घर बाहेरच्यापेक्षा ७ अंश थंड, नाद खुळा काम झालंय. मी पण म्हटलं भारी. ऑक्टोबरात फोन, दाजी कोट फेल गेला, पावसात धुऊन गेला वाटतं, घर बाहेरच्यापेक्षा गरम दाखवतंय. आता पावसाळ्यानंतर पांढऱ्या कोटावर शेवाळ धरतं, काळपट होतो, हे खरंच आहे, त्यामुळं कारण पटण्यासारखं होतं आणि कुणी खोलात गेलंच नाही. पुढच्या पाडव्याला परत कोट. परत एप्रिलमध्ये कमाल, परत ऑक्टोबरात फेल. तीन वर्षं हे असं चाललं. मधे एकदा सेन्सर पण बदलून झाला.

चौथ्या वर्षी त्यांच्याकडं लग्न होतं, कोटाचं राहून गेलं, आणि तरीही एप्रिलमध्ये घर ७ अंश थंड! कोट न मारता! तेव्हा मात्र डोकं ठिकाणावर आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो, चहा घेत बाल्कनीत बसलो, पाच वाजता काही नाही, साडेपाचला बाल्कनीच्या पश्चिमेच्या टोकाकडनं एक उन्हाची तिरीप आली आणि बरोबर सेन्सरच्या डबीवर पडली. वहिनी म्हणाल्या, अहो हे ऊन तर रोज येतं, कपडे वाळतात की त्याच्यावर. झालं.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की उत्तर म्हणजे सावली. ते थंडीत बरोबर आहे. पण २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीला तिरकं ऊन लागायला सुरुवात होते, आणि कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्यामुळं हे लई लवकर वाढतं. हिशोब केला तर एप्रिलच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य पश्चिम ओलांडून उत्तरेकडं सरकतो, एप्रिल संपताना हेच अडीच-पावणेतीनला होतं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपला तो शून्य सावलीचा दिवस. तिथनं पुढं ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारी पण सूर्य किंचित उत्तरेलाच. फक्त जूनपासनं ढग असतात म्हणून जाणवत नाही. २३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेला गेला की बाल्कनी परत खरी सावलीत, सेन्सर परत खरं बोलायला लागतो आणि घर गरम हे सत्य बाहेर येतं. म्हणजे ऑक्टोबरचं रीडिंग बरोबर होतं आणि आम्ही कोटाला शिव्या घालत होतो. एप्रिलचं चुकीचं होतं आणि त्याचं पेढं वाटत होतो.

इलाज सोपा आहे पण जागा बदलून भागत नाही, कारण बाल्कनीत पूर्ण वर्षभर ऊन न लागणारी जागा मिळतच नाही, आणि मिळाली तरी ती भिंतीला चिकटून असते आणि तापलेली भिंत सेन्सरला शेकते. सेन्सरला छत्री पाहिजे आणि वारा पाहिजे. हवामान खात्याचे थर्मामीटर त्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीला ठेवतात ते ह्याच्यासाठीच. मी काय केलं, कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या आठ घेतल्या, मधल्या सहांना मोठी भोकं पाडली, उद्यमनगरातनं आट्यांचा रॉड आणि नट-वॉशर आणले, थाळ्या पालथ्या घालून एकावर एक बोटभर अंतरानं बसवल्या आणि सेन्सर मधल्या पोकळीत टांगला. आतल्या बाजूनं काळा स्प्रे. भिंतीपासून हातभर लांब, रेलिंगच्या बाहेर. उडी गायब. एसीच्या आउटडोअर युनिटच्या तोंडासमोर मात्र टांगू नका, हे सांगायला पाहिजे असं वाटत नव्हतं पण दोन ठिकाणी बघितलंय.

आता कोटाचं खरं काय? ते नीट मोजलं. दोन बेडरूम जवळपास सारख्या, एकीच्या वर कोट मारला, दुसरीच्या वर दहा दिवस थांबलो. कोट मारायच्या आधीचा आठवडा पण दोन्हीकडं मोजून ठेवला. हे महत्त्वाचं आहे, कारण गेल्या आठवड्यातली आणि ह्या आठवड्यातली घराची तुलना करून काही कळत नाही, वळवाचा एक पाऊस आला की सगळं गणित मोडतं. दोन खोल्या एकाच वेळी बघितल्या की हवामान दोघींना तेच. फॅन, खिडक्या, दोन्हीकडं सारख्या. निकाल असा, संध्याकाळी सहाला छताचा खालचा पृष्ठभाग बिनकोटाच्या खोलीत ४१ आणि कोटाच्या खोलीत साडेछत्तीस, पण हवेचं तापमान फक्त दीड अंशानं कमी. म्हणजे कोट चालतो, मेव्हण्याचं म्हणणं खरंच होतं, फक्त त्याचा ७ चा आकडा खोटा होता आणि दरवर्षी नवा कोट मारायची गरज नव्हती, ऑक्टोबरात ब्रशनं टेरेस घासून धुतला की बराचसा फरक परत येतो.

छत साडेचार अंशानं कमी आणि हवा दीडच, हे बघून तो नाराज झाला. पण इथंच बहुतेकांचा दुसरा घोळ आहे, म्हणजे मीटर ३३ दाखवतोय आणि अंगाला ३७ वाटतंय. मीटर खोटं बोलत नाही. तो हवा मोजतो आणि तुम्हाला छत शेकतंय. वारा कमी असलेल्या खोलीत अंगाला जाणवणारं तापमान साधारण हवेच्या आणि भोवतालच्या पृष्ठभागांच्या सरासरीएवढं असतं, म्हणून छत थंड झालं की हवेचा आकडा फारसा न हलता पण झोप लागते. हे मोजायला ग्लोब थर्मामीटर असतो, तांब्याचा १५० मिलिमीटरचा काळा पोकळ गोळा आणि आत थर्मामीटर, १९३० च्या दशकात व्हर्नननं रुळवलेली पद्धत. तेवढा खर्च नको असेल तर टेबल टेनिसचा चेंडू घ्या, ४० मिलिमीटरचा असतो, मॅट काळा रंग मारा, भोक पाडून आत सेन्सरचं टोक मधोमध येईल असं बसवा. लहान गोळ्यावर हवेचा परिणाम जास्त होतो त्यामुळं फॅनखाली तो कमी दाखवणार, पण उघड्या सेन्सरच्या शेजारी टांगला की दोघांतला फरकच सगळं सांगतो. मेव्हण्याच्या बिनकोटाच्या खोलीत हा फरक रात्री आठला अडीच अंश होता.

तुमचं लक्षण वरच्यासारखं नसेल तर पुढचं वाचा, जे सारखं सारखं येतं तेवढंच लिहितो.

ग्राफमध्ये मधेच ८५ अंश दिसतोय. डीएस१८बी२० सेन्सर असेल तर घाबरू नका, घर पेटलेलं नाही. तो चालू झाल्यावर पहिलं माप घ्यायच्या आधी त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो, आणि पूर्ण अचूकतेनं मोजायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं न थांबता वाचलं किंवा वायर सैल होऊन सेन्सर बंद-चालू झाला की ८५ येतो. उणे १२७ आला तर सेन्सर सापडतच नाही, बहुतेक वायर तुटलेली किंवा ती ४.७ किलोओहमची रेझिस्टन्स लावायची राहिली. हे आकडे सरासरीत घेऊ नका, एका पोरानं घेतले होते आणि त्याच्या बेडरूमची सरासरी ४४ येत होती.

छत सकाळी साडेअकराला सगळ्यात गरम दिसतंय. हे बघून एकानं मला स्लॅबच्या औष्णिक वस्तुमानावर अर्धा तास थिअरी ऐकवली. स्लॅबला वरची उष्णता खाली पोचवायला दोन-तीन तास लागतात, आपल्याकडं सूर्य माथ्यावर येतोच साडेबाराच्या आसपास, वरचा पृष्ठभाग त्याच्यानंतर तास-दीड तासानं सगळ्यात जास्त तापतो, त्यामुळं छताचा खालचा भाग संध्याकाळी पाचच्या मागंपुढं कळसाला जायला पाहिजे. पाचातनं साडेपाच तास वजा करा. साडेअकरा! लॉगर, म्हणजे रीडिंग नोंदवणारा बोर्ड, ग्रीनिच वेळ लिहितोय, भारतीय नाही. आणि लाइट गेल्यावर तारीख १ जानेवारी १९७० होत असेल तर बोर्डाला घड्याळ नाही, इंटरनेट येईपर्यंत तो तिथनंच मोजत बसतो. बॅटरीवाला घड्याळाचा मॉड्यूल लावा, स्वस्तात मिळतो.

घरातला सेन्सर कायम ३-४ अंश जास्त, दिवस असो की रात्र. सेन्सर ईएसपी३२ बोर्डाच्या शेजारी एकाच बंद डबीत आहे का बघा. वायफाय चालू असलेला बोर्ड स्वतः तापतो आणि तुम्ही बोर्डाचं तापमान मोजताय. सेन्सर फूटभर वायरनं बाहेर काढा. टीव्हीच्या मागं, राउटरवर, फ्रिजच्या शेजारी, पश्चिमेच्या भिंतीला खिळा ठोकून, ह्या सगळ्या जागा बाद. खोलीच्या आतल्या भिंतीवर, बसल्यावर डोकं येतं तेवढ्या उंचीला, भिंतीपासून थोडा सुटा.

दोन सेन्सर शेजारी ठेवले तरी अंशाचा फरक. डीएचटी २२ ची अचूकताच अधिक-उणे अर्धा अंश, म्हणजे एक अर्ध्यानं वर आणि एक अर्ध्यानं खाली असला तर दोघंही पास. डीएचटी ११ तर अधिक-उणे २, तो घराच्या कामाचाच नाही, प्रोजेक्टच्या पोरांना राहू दे. सगळे सेन्सर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात रात्रभर एकत्र ठेवा, सकाळी कोण किती वर-खाली ते मार्करनं डबीवर लिहा आणि तेवढं वजा करत जा. पाण्यात बुडवता येणारा सेन्सर असेल तर रसवंतीवाल्याकडनं बर्फ आणा, बारीक फोडा, थोडंसंच पाणी घालून लगदा करा, ढवळत राहा, ० यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० यायची वाट मात्र बघू नका, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आपल्याकडं पाणी ९८ लाच उकळतं.

इन्फ्रारेड गन पत्र्यावर कमी दाखवते. शिरोलीत एका शेडचा पत्रा हात लावला तर चटका आणि गन म्हणतेय २८. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आकाशाचं प्रतिबिंब जास्त, आणि साध्या गन ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती फेकतो त्याचा आकडा) धरून बनवलेल्या असतात. पत्र्यावर काळी इलेक्ट्रिकची टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा, टेपवर मोजा. चुना, रंग, सिमेंटवर गन ठीक चालते. खिडकीच्या काचेतनं बाहेरची भिंत मोजू नका, तुम्हाला काचेचंच तापमान मिळणार. आणि १२ ला १ लिहिलेली गन १२ फुटांवरनं फूटभर रुंदीच्या गोलाची सरासरी सांगते, त्या लाल ठिपक्याची नाही.

यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतनं किंवा छतातनं किती उष्णता जाते त्याचा आकडा, उणे आली. हे इंजिनिअरिंगच्या पोरांचं दरवर्षीचं. हीट फ्लक्सची, म्हणजे उष्णतेचा प्रवाह मोजणारी, चकती भिंतीला चिकटवतात, आत-बाहेर सेन्सर लावतात, आयएसओ ९८६९ ह्या मानकाप्रमाणं कमीत कमी ७२ तास मोजतात, सरासरी उष्णताप्रवाहाला सरासरी तापमानफरकानं भागतात आणि उत्तर उणे किंवा ३० असलं काहीतरी. चकती खराब नाही, पद्धत आपल्या हवेत बसत नाही. ती थंड मुलखातली आहे, तिथं आत २० आणि बाहेर ५ असं आठवडाभर चालतं, उष्णता एकाच दिशेला जाते. आपल्याकडं दिवसा उष्णता आत, रात्री बाहेर, चोवीस तासांची सरासरी काढली तर फरक उरतो अर्धा-एक अंश, आणि अर्ध्यानं भागल्यावर सेन्सरची अर्ध्या अंशाची चूक पण उत्तर उलटं करते. मोजायचंच असेल तर एसी सतत २२ वर ठेवून मेमध्ये मोजा, इमारतीच्या डक्टशेजारची (पाइप जातात त्या पोकळीशेजारची) किंवा दुसऱ्या इमारतीच्या सावलीतली भिंत निवडा. उत्तरेची नको, कारण वर सांगितलंय. स्लॅबसाठी तर मी सरळ गणित करतो. १२५ मिलिमीटर काँक्रीट, वाहकता १.५८, म्हणजे रोध ०.०७९, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थरांचे ०.१७ आणि ०.०४ मिळवले की ०.२८९, उलटं केलं की यू साधारण साडेतीन वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमावलीत, छताला मर्यादा १.२ ची आहे. वर ब्रिकबॅट कोबा असेल तर साडेतीनपेक्षा कमी येईल, पण १.२ च्या जवळ नाही जाणार. मेव्हण्याचं छत रात्री अकराला का शेकतं त्याचं उत्तर ह्या एका ओळीत आहे, चकती न लावता.

पावसाळ्याचं एक राहिलं. जुलैत आर्द्रता ९५ वर अडकून बसते आणि लोक सेन्सर फेकून देतात. थांबा. सलग दोन-तीन दिवस ८० च्या वर आर्द्रता राहिली की हे सेन्सर स्वतःच २-३ टक्के वर सरकतात, कोरडी हवा मिळाली की हळूहळू परत येतात. तपासायचं असेल तर बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी नको. हे झाकण आणि सेन्सर एका झिपवाल्या पिशवीत बंद करून ८-१० तास, सेन्सरला मीठ लागू द्यायचं नाही. पिशवीत आर्द्रता ७५ वर स्थिर होते. सेन्सर ७८ दाखवत असेल तर ३ वजा करत चला, ९० दाखवत असेल तर मग खुशाल फेका.

आणि त्याच जुलैत भिंतीवर ओल दिसली की दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते हवेचा दमटपणा, दुसरी म्हणते गळती. मेव्हण्याच्या किचनच्या भिंतीवर पण हीच भांडणं. हवा २६ अंश, आर्द्रता ८५, म्हणजे दवबिंदू २३.३ च्या आसपास. तोंडी हिशोब करायचा तर १०० पासनं आर्द्रता दर ५ टक्के कमी झाली की दवबिंदू हवेपेक्षा साधारण एक अंशानं खाली. गननं ओल्या जागेचं तापमान घेतलं, २५. दवबिंदूच्या वर आहे, म्हणजे हवेतलं पाणी तिथं जमूच शकत नाही, पाणी आतनं येतंय. मोजमापाचं काम तिथं संपलं. दुसऱ्या दिवशी प्लंबरला वर चढवला, टेरेसच्या पावसाळी पाइपचा भिंतीत गाडलेला बेंड फुटलेला निघाला.